दुसरी बाजू : मंगळवार पेठेतल्या एका घरातलं ऐकणं

"अप्पा रोज सकाळी सहाला रेकॉर्ड लावतात, ती संपते, आणि मग अर्धा अर्धा तास नुसती खरखर चालू असते पण ते सुई उचलत नाहीत." नोव्हेंबर २०२४ मध्ये माझ्याकडं आलेल्या मुलाचं पहिलं वाक्य हे. शेजारी बसलेली सूनबाई गप्प होती, तिला त्या खरखरीचा तेवढा त्रास नव्हता, तिला काळजी अप्पांची होती. त्रास मुलाला होता, आणि किती होता ते त्याच्या आवाजातच कळत होतं. "मॅडम, डोकं फुटायची वेळ येते" असं तो पहिल्या दहा मिनिटांत तीनदा म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. तिथंच पहिल्यांदा चुकलं.

मी राजारामपुरीत समुपदेशनाचं काम करते, माझ्याकडं जास्त करून म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी घरची मंडळी येतात. हे प्रकरण लिहायची परवानगी घरच्यांनी दिलीय, अप्पांनीही दिलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि ती एलपी नेमकी कुणाची ते मुद्दाम सांगत नाही कारण कोल्हापुरात जुन्या रेकॉर्डी जपणारी घरं मोजकी आहेत, जाणकार माणूस बरोबर त्या दारात जाऊन उभा राहील. एवढंच सांगते की जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं आहे, पहिल्या बाजूला सकाळचा एक मोठा राग आणि दुसऱ्या बाजूला दोन छोट्या चीजा, शेवटची भैरवी.

घर मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर. अप्पा ७८ वर्षांचे, उद्यमनगरात फौंड्रीमध्ये पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य काढलेलं. म्हणजे कास्टिंग ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत, पण हातात मिलिमीटर. बोलणं कमी, पहिल्यापासूनच कमी. आई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, मार्च २०२४ मध्ये गेल्या, झोपेत, कुणाला काही कळायच्या आत. ५१ वर्षांचा संसार होता. घरात आता मुलगा, सून, नववीतली नात, आणि एक मुलगी सांगलीला दिलेली.

आई गेल्यावर दोन महिने रेकॉर्ड प्लेअर बंदच होता. मग एक दिवस अप्पांनी तो परत सुरू केला, घरच्यांना बरं वाटलं, चला सावरतायत म्हणून. पण हळूहळू लक्षात आलं की पहिली बाजू संपते, सुई मधल्या लेबलाजवळ जाऊन अडकते, टक... टक... टक... असा आवाज सुरू होतो आणि अप्पा खाटेवर तसेच बसून राहतात. कुणी जाऊन बंद केलं तर काही म्हणत नाहीत, उठून बाहेर जातात. दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. शेजारच्यांनीही एकदा विचारलं, "अप्पा बरे हाईत न्हवं?" म्हणून.

त्यातच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. कोल्हापुरातल्या माणसाला ती रात्र वेगळी सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर डोळ्यांदेखत जळलं, आणि तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. अप्पा गच्चीवर उभं राहून बघत होते. त्या थिएटरात त्यांनी आणि आईंनी मिळून संगीत नाटकं बघितलेली, स्वस्तातलं तिकीट काढून मागं बसून. त्या रात्रीनंतर खरखर दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेली असं मुलाचं म्हणणं, आणि घरच्यांनी सगळा दोष आगीला दिला. धक्का बसलाय, डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणालं विसरायचा आजार सुरू झालाय.

माझ्याही डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, आणि ते तपासायलाच पाहिजे होतं. डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. स्मरणशक्तीच्या चाचणीत अप्पांना ३० पैकी २८ मिळाले. घड्याळ काढा म्हटल्यावर त्यांनी "कंपास हाय का?" असं विचारलं, नाही म्हटल्यावर वाटी मागून घेतली, गोल आखला, आधी १२, ३, ६, ९ चे आकडे घातले मग मधले, आणि काटे अगदी बरोबर ११ वाजून १० मिनिटांवर. विसरणाऱ्या माणसाचं काम नव्हे हे. कानही तपासले, म्हटलं कदाचित खरखर ऐकूच येत नसेल, वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. थोडं कमी झालं होतंच, पण टक-टक स्पष्ट ऐकू येत होती. डिप्रेशनची प्रश्नावली भरून घेतली, त्यात दुःख दिसत होतं पण भूक होती, झोप होती, पैशाचे व्यवहार चोख होते, पेन्शनचं काम स्वतः बँकेत जाऊन करत होते.

इथं थोडं थांबते. शोक किती दिवस करायचा याचं गणित आता आजारांच्या यादीतसुद्धा आलंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये लांबलेल्या शोकासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे, अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०२२ च्या यादीत मोठ्या माणसांसाठी १२ महिन्यांची. अप्पांना तेव्हा ८ महिने झाले होते. एका यादीत मुदत उलटून गेलेली, दुसरीत अजून बाकी. मी अशा वेळी मुदत बाजूला ठेवते आणि माणूस नेमकं काय करतोय ते आधी बघते. म्हणून म्हटलं, मला सकाळी सहाला घरी येऊन बसायचंय.

डिसेंबरातली थंडी. नळाला पाणी आलेलं, बाहेर बादल्यांचा आवाज. पुढच्या खोलीत भिंतीला लागून सागवानी टेबल, त्यावर प्लेअर, वर आईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण. अप्पांनी तोंड धुतलं, देवापुढं उदबत्ती लावली, त्यातलीच एक प्लेअरशेजारच्या पितळी स्टँडला लावली, झाकण घडी करून ठेवलं, रेकॉर्ड कव्हरातून काढली ती कडेला दोन्ही तळव्यांत धरून, बोट कुठं काळ्या भागाला लागू दिलं नाही, मऊ कापडानं एकदा फिरवून पुसली आणि सुई ठेवली. मग खाटेवर येऊन मांडी घालून बसले, डोळे मिटले नाहीत. मला वाटलं होतं मिटतील.

ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि तर्जनी हलत होती, ठेका धरत नव्हती, फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकदाच टेकायची. जयपूरच्या गाण्यात लय पहिल्यापासून बांधलेली असते, आलाप असो की तान, सगळं लयीच्या अंगानं गुंफत गुंफत मुखड्याकडं, म्हणजे चीजेच्या सुरुवातीच्या तुकड्याकडं येतं, त्यामुळं ऐकणाऱ्याला सतत आतून मोजत राहावं लागतं, सम आता येतेय, आता येतेय, आणि आली की मान आपोआप हलते. माझ्या आजोळी पण हे वातावरण होतं म्हणून मला ते ओळखता आलं. ऐकणारा तिथं नुसता बसलेला नसतो, गाणाऱ्याइतकंच काम तो करत असतो. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याला सुंदर शब्द आहे, सहृदय, अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी त्याच्यावर एवढं लिहून ठेवलंय की ज्याचं हृदय तयार आहे त्याच्यातच रस उमटतो. अप्पा सातवी शिकलेले सहृदय आहेत.

साधारण २१ मिनिटांनी बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत गेली. आता हे मला नंतर कळलं ते इथंच सांगते, एलपीच्या शेवटची रेघ गोल फिरून स्वतःलाच मिळालेली असते, त्यामुळं सुई तिथं कितीही वेळ फिरत राहते. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा, दर फेऱ्याला एक टक. अर्ध्या तासात १००० टक. मी तिथं बसून ऐकत होते. अप्पा बसून होते. आणि त्यांची नजर होती स्वयंपाकघराच्या दाराकडं.

मी ते बघितलं, पण आठवणीत हरवलेत एवढंच समजून घेतलं.

यानंतर मुलानं एक गोष्ट केली, आणि ती प्रेमानंच केली हे आधी सांगते. त्यानं अप्पांसाठी चांगला ब्लूटूथ स्पीकर आणला, मोबाईलवर त्याच गायिकेची सगळी गाणी शोधून यादी करून दिली, "अप्पा आता उठायला नको, सुई नको, काय नको, दिवसभर वाजेल." अप्पांनी एक दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर खोक्यात परत भरून, खोक्याला व्यवस्थित सुतळी बांधून कपाटावर ठेवला. मुलाला फार लागलं. मी अप्पांना विचारलं का ठेवलात, तर म्हणाले, "त्येला शेवटच न्हाई ओ ताई."

हे वाक्य मला पुढं आठवडाभर पुरलं. आपण सगळे आता न संपणारं गाणं ऐकतो, एक झालं की दुसरं आपोआप. पण पूर्वी ऐकणं संपायचं. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, सगळा राग त्यात बसवायचा, आणि संपली की कुणीतरी उठायचं. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा आठवड्याला एक गाणं, पुढच्या गाण्याला पुढचा आठवडा, माणसं रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसायची हे आपल्या सगळ्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. त्याचे संगीतकार सुधीर फडके तर कोल्हापुरात जन्मलेले, त्यामुळं इथं ती गोष्ट जरा जास्तच जिव्हाळ्यानं सांगतात. तेव्हा ऐकायची वेळ ठरलेली असायची, जागा ठरलेली, सोबत कोण तेही ठरलेलं. आणि गाणं संपल्यावर जी मोकळी जागा राहायची ना, तिथं माणसं एकमेकांकडं बघायची.

जानेवारीत कलाटणी मिळाली ती एका मेकॅनिकमुळं. मुलाच्या मनात असं की प्लेअरचा ऑटोस्टॉप बिघडलाय, तो नीट केला तर बाजू संपल्यावर आपोआप थांबेल, प्रश्नच मिटला. जुने रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ त्यानं घरी आणले, मीही मुद्दाम त्या दिवशी गेले. त्यांनी थाळी काढली, खाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "हे बिघडलेलं न्हाई. काढून ठेवलंय कुणीतरी. आणि कसं काढलंय बघा, एक ओरखडा न्हाई."

अप्पा काही न बोलता उठले आणि कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात एका तेलकट कागदाच्या पुडीत एक छोटा लिव्हर आणि केसासारखी बारीक स्प्रिंग, आणि पुडीवर पेन्सिलनं लिहिलेलं : "ऑटो. काढले १४-१-८३." पॅटर्नमेकरची सवय, काढलेल्या प्रत्येक भागावर तारीख. मेकॅनिकनी ती पुडी हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि परत अप्पांच्या हातात दिली. बसवू का म्हणून विचारलंसुद्धा नाही त्या माणसानं. पिन मात्र झिजलीय, नवीन घाला, नाहीतर रेकॉर्डीचं नुकसान होईल, एवढं सांगून गेले.

मग अप्पा बोलले. सलग बोलले असं नाही, दोन भेटींत तुकड्या-तुकड्यानं, पण जुळवलं तर असं होतं. प्लेअर १९८२ च्या दिवाळीला बोनसमधून घेतला. अप्पा सहाला रेकॉर्ड लावायचे, आई आत पाणी, चूल, डबे. बाजू संपली की ऑटोस्टॉपनं हात उचलला जायचा, सगळं गप्प, आत आईंना कळायचंच नाही की संपलंय. त्या म्हणाल्या, "मला कसं कळणार वो संपलं का न्हाई?" म्हणून संक्रांतीच्या दिवशी त्यांनी तो भागच काढला. तेव्हापासून बाजू संपली की टक-टक आत ऐकू जायची, आई हात पुसत पुसत दोन कप घेऊन बाहेर यायच्या, कप ठेवायच्या, रेकॉर्ड उलटी करायच्या, सुई ठेवायच्या आणि खुर्चीवर बसायच्या. दुसरी बाजू संपेपर्यंत. "दिवसातनं ती तेवढीच बसायची," अप्पा म्हणाले. "इसेक मिण्टं."

एकेचाळीस वर्षं. आणि त्या काळात अप्पांनी दुसरी बाजू स्वतःच्या हातानं एकदाही लावली नाही.

पुढचं सांगितलं मुलीनं. ती सांगलीहून मुद्दाम आली होती, चौघांना एकत्र बसवून मी एक भेट ठेवली त्यासाठी. ती म्हणाली, आई रुसली की रेकॉर्ड तशीच फिरत राहायची. आई मुद्दाम यायची नाही. अप्पा पण उठायचे नाहीत. थोडं रुसणं असलं की दोन-तीन मिनिटं, जास्त असलं की दहा, आणि आई आली, उलटी केली, की भांडण मिटलं, त्यावर कुणी एक शब्द बोलायचं नाही. घरात कुणी कुणाला सॉरी म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. १९९९ मध्ये तिनं जातीबाहेर लग्न केलं, अप्पांनी नाव टाकलं, आणि आईंनी तीन आठवडे रेकॉर्ड उलटी केली नाही. रोज सकाळी अप्पा लावायचे, बाजू संपायची, खरखर चालू, आई आत भाकरी थापत राहायच्या. शेवटी पाणी गेलं, कामावर जायची वेळ झाली की अप्पा तसेच निघायचे, मग आई येऊन बंद करायच्या. बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी अप्पा कामावरून येताना वाट वाकडी करून सांगलीच्या एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी दुसरी बाजू लावली.

हे ऐकताना मी मुलाकडं बघत होते. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो तेव्हा विशीत होता, आतल्या खोलीत झोपायचा. खूप वेळानं म्हणाला, "म्हणजे मला तो आवाज सहन होत नाही ते... " आणि पुढं बोललाच नाही. खरखर म्हणजे घरात काहीतरी वाईट चाललंय हे त्याच्या अंगात लहानपणापासून बसलं होतं, का ते त्याला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं तीनदा म्हटलेलं "डोकं फुटायची वेळ येते" हे मी तेव्हाच उलगडायला पाहिजे होतं. केस अप्पांची म्हणून आली आणि मी अप्पांकडंच बघत राहिले.

आणि एवढं सगळं कळूनसुद्धा पुढची चूक केलीच. मी मुलाला सुचवलं की उद्यापासून बाजू संपली की तुम्ही या, चहा घेऊन या, रेकॉर्ड उलटी करा, बसा. कागदावर किती बरोबर दिसतं हे. तो बिचारा दुसऱ्या दिवशी पावणेसहापासून तयार होऊन बसला आणि पहिली टक झाल्याबरोबर धावत जाऊन रेकॉर्ड उलटी केली, आवाज थांबावा म्हणून. अप्पा उठले, चपला घातल्या आणि रंकाळ्यावर जाऊन दहा वाजेपर्यंत बसले. पाच दिवस प्लेअरवरचं झाकण निघालं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून करायची ती गोष्टच नव्हती. आई रोज येत होत्या ते स्वतःच्या मर्जीनं, आणि न येणंही त्यांच्याच मर्जीचं होतं, त्या मर्जीतच सगळं बोलणं होतं. मी त्याची ड्युटी करून टाकली. अप्पांची माफी मागितली मी, समोर बसून. ते म्हणाले, "असू द्या. पोरगं चांगलं हाय माझं."

त्याच बैठकीत मी विचारलं, तुम्ही वाट बघता का त्यांची? अप्पांनी मान हलवली, नाही. "ती यायची न्हाई, म्हाईत हाय की मला. येडा न्हाई मी. पर दुसरी बाजू तिची हाय. माझा हात कसा लावू?" थोडं थांबून म्हणाले, "पॅटर्न करताना जागा सोडावी लागती ताई. बीड, म्हंजे वतलेलं लोखंड, गार झालं की आकसतं. मीटरला धा मिलिमीटर मोठा करायचा पॅटर्न, न्हाईतर माल बारका येतो. तशी सोडलीया जागा."

मला यावर काही बोलता आलं नाही. आमच्या शास्त्रात बराच काळ असं मानलं जायचं की गेलेल्या माणसाशी नातं हळूहळू सोडवून घ्यायचं, मग १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघा अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की नातं संपत नाही, ते बदलून चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. वाचलेलं होतं मी ते, शिकवतेसुद्धा. पण अप्पांच्या तोंडून ते फौंड्रीच्या मापात ऐकलं तेव्हा खरं कळलं. त्या दिवशी मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की खरखर बंद करायचा कुठलाही उपाय आता करायचा नाही. मुलासाठी वेगळ्या भेटी सुरू केल्या, त्याला त्याच्या आठवणींवर काम करायचं होतं. आणि सकाळी त्या वेळेला त्यानं पाहिजे तर फिरायला जावं, जबरदस्तीनं तिथं बसू नये.

नात या सगळ्यात कुठंच नव्हती. नववीची पोर, सकाळची शाळा, क्लास, कानात सतत इअरफोन. पण भिंतीपलीकडून ती सगळं ऐकत होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सूनबाईंनी मला सांगितलेलं हे, बाजू संपली, टक-टक सुरू झाली, पाचेक मिनिटं गेली असतील, ती अंथरुणातून उठून केस विस्कटलेले तशीच बाहेर आली आणि म्हणाली, "अप्पा, हिच्या मागं काय आहे? मी कधी ऐकलंच नाही."

खरंच ऐकलेलं नव्हतं. ती शाळेसाठी धावपळीत असायची तेव्हा आजी-आजोबांची दुसरी बाजू चालायची.

अप्पा म्हणाले, "बघ की."

तिनं हात उचलून ठेवला, रेकॉर्ड उचलली, बोटं काळ्या भागाला लागली, अप्पा काही बोलले नाहीत. उलटी केली. सुई ठेवताना जरा घसरली, कर्र झालं. मग ती आजीच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. शेवटी भैरवी आली तेव्हा अप्पांची मान हलली आणि तोंडातून हळूच "व्वा" निघालं, आई गेल्यापासून सूनबाईंनी तो शब्द ऐकला नव्हता. पोरीनं विचारलं, "आत्ता कशाला व्वा म्हटलात?" आणि अप्पांनी तिला बोटांवर मात्रा मोजून सम दाखवली.

पुढच्या रविवारी मी गेले होते तर दोघांचं बोलणं चाललेलं. अप्पा तिला जयपूर-अत्रौली घराण्याचे संस्थापक अल्लादियाखाँसाहेबांबद्दल सांगत होते, शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं, १९२२ ला महाराज गेल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले, पण हे गाणं वाढलं ते इथं. देवल क्लब ही इथली गाण्याची संस्था १८८३ पासूनची, तिथं मागं उभं राहून मी ऐकायला शिकलो, बसायला जागा मिळायची न्हाई. पोरीनं मोबाईलवर शोधून उलट त्यांनाच माहिती दिली की खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून अंतराळात पाठवलीय, सोबत सुई पण दिलीय आणि कशी वाजवायची त्याच्या खुणा तबकडीच्या कव्हरावर कोरल्यात. अप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन्ही बाजूंनी हाय का एकाच?" दोन्ही, ती म्हणाली. "मग तिथं उलटी कोण करायचं?" पोर विचारात पडली. अप्पापण.

मार्चमध्ये आईंचं वर्षश्राद्ध झालं. भटजी आले, सगळं रीतीनं झालं, पण त्या दिवशी सकाळी सहाला अप्पांनी रेकॉर्ड लावलीच. बाजू संपल्यावर कुणी उठलं नाही, मुलगी, जावई, सून, नात सगळे खोलीत होते, आणि मुलगाही होता, पहिल्यांदाच, दाराच्या चौकटीला टेकून. टक-टक चालू राहिली. सूनबाईंनी दोन कप चहा आणून टेबलावर ठेवले. चारेक मिनिटांनी अप्पांनी स्वतः सुई उचलली. रेकॉर्ड उलटी केली नाही, पुसून कव्हरात ठेवली.

आता ठरलेलं असं काही नाही, मी मुद्दाम काही ठरवू दिलं नाही. रविवारी बहुतेक वेळा नात येते. बाकीच्या दिवशी अप्पा थोडा वेळ बसतात, कधी दोन मिनिटं, कधी दहा, आणि उठतात. दिवसभराचं बोलणं वाढलंय, पेठेतल्या पारावर जाऊन बसतात. दुःख आहे, ते असणारच. नवी पिन मुलानं मिरजेहून आणली, कामासाठी गेला होता तेव्हा, आणि बसवताना अप्पांनी त्याला बॅटरी धरायला लावली. मुलाला खरखर अजूनही आवडत नाही, पण तो आता घराबाहेर पळत नाही, आंघोळीला जातो. माझ्या भेटी मेमध्ये थांबल्या, गरज पडली तर फोन करायचं ठरलं.

जूनमध्ये सूनबाईंचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी, त्यांना हसू आवरत नव्हतं. आदल्या रात्री नातीचा मोबाईल काढून घेतला होता, रात्री बारापर्यंत बघत बसली होती म्हणून, आणि काढून घ्यायला अप्पांनीच सांगितलं होतं. रविवारी सकाळी बाजू संपली, टक-टक सुरू, पोर आतल्या खोलीत जागी, पण उठेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सूनबाई तिला हाक मारायला निघाल्या तर अप्पांनी खाटेवरूनच हातानं थांबवलं.

"रुसलीया," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या फिरत."

सूनबाईंनी चहा परत गॅसवर ठेवला.